पॉइंट नऊ

गेटबाहेर आल्या आल्या
जुईलीने पेपर उभ्या रिक्षाच्या सीटवर अंथरला
आणि रिक्षावाला काही बोलला नाही.
मार्चमध्ये कोपरखैरण्यातले रिक्षावाले
असल्या गोष्टींना सरावलेले असतात.

पहिल्याचं बी. सगळ्यांचं बी.
दुसऱ्याचं डी. मिन्हाजचं ए.
"ए कसं येईल? कोबाल्टचा चार्ज काय धरलास?"
"तीन."
"तीन धरून ए येतं?"
मिन्हाजने स्ट्रॉ चावून चपटा केला,
एक मार्क रसाच्या ग्लासात सोडून दिला.
चरकाला घुंगरू बांधलेले होते,
ते बरोबरलाही वाजायचे, चूकलाही.

तेवढ्यात वारा फिरला, पावणे एमआयडीसीकडून.
"एस्टर," वैष्णवी नाक वर करून म्हणाली.
"हट्, अमाइन. मासळीचा वास येतोय."
"मासळीचा वास मासळीतून येतोय, येड्या, ते बघ समोर."
रिद्धेशचे पप्पा तिकडेच असतात,
रिअ‍ॅक्टरवर, बहुतेक तिसऱ्या पाळीला.
तो म्हणाला, "मी विचारलं होतं पप्पांना.
म्हणाले, हा गुरुवारचा वास आहे."

मग तेविसावा.
हाफ-लाइफ पंधरा मिनिटं,
नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के रिअ‍ॅक्शन व्हायला किती वेळ?
जुईली एकशे एकोणपन्नास पॉइंट पाच.
मिन्हाज दीडशे. चालेल ना? चालेल.
वैष्णवी एकशे एकोणपन्नास आणि पुढे काहीतरी.

रिद्धेशने पेपर उचलून डोळ्यांजवळ नेला,
मग लांब धरला,
आजोबा औषधाची बाटली धरतात तसा.
"मला नव्व्याण्णव पॉइंट सात आलंय."
पॉइंट नऊ त्याने वाचलंच नव्हतं.
नव्व्याण्णव टक्के धरून सगळं सोडवलं होतं,
लॉग बरोबर, स्टेप्स बरोबर,
उत्तराखाली पट्टीने दोन रेघा.

"स्टेप्सचे मिळतील रे."
सगळे एकदम म्हणाले,
कुणाकडे भेटायला गेल्यावर म्हणतात त्या आवाजात.

आणि मी म्हणाले, "मलाही नव्व्याण्णव पॉइंट सातच आलंय."

का म्हणाले, अजून नीट सांगता येत नाही.
माझ्या पेपरच्या मागे पेन्सिलने बारीक
एकशे एकोणपन्नास पॉइंट पाच लिहिलेलं होतं.
चार घड्या करून तो हॉल तिकिटामागे सरकवला.
जुईलीने माझ्याकडे पाहिलं. प्रिलिमला
तिची नि माझी अँटिलॉगपर्यंत उत्तरं जुळली होती.
ती काही बोलली नाही.

तिला तिच्या आईने स्कूटीवर नेलं.
पाचजण एका रिक्षात बसले, मिन्हाज ड्रायव्हरशेजारी, अर्धा बाहेर.
वैष्णवी चालत.
आम्ही दोघं फूटपाथच्या कठड्यावर,
रसवाला ग्लास विसळत होता.

"मग जुईलीचंच चुकलं असेल?"
रिद्धेशने विचारलं,
आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला
की माझ्या पोटात कसंतरी झालं.
"असेल," मी म्हणाले.

तेव्हा मनात आकडे चालू होते:
नव्व्याण्णव टक्क्यांना शंभर मिनिटं.
नुसत्या पॉइंट नऊला आणखी पन्नास.
सरांनी फळ्यावर ती रेघ काढली होती,
खाली खाली येत जाणारी, न टेकणारी,
आणि आम्ही ती घाईघाईत उतरवून घेतली होती.

बसून राहिलो. बोललो फारसं नाही.
ऊन कठड्यावरून आमच्या सॅकवर आलं,
सॅकवरून रस्त्यावर गेलं.

रात्री पावणेबाराला त्याचा फोटो आला.
तेविसाव्या प्रश्नातल्या पॉइंट नऊभोवती
लाल पेनने गोल.
खाली काहीच लिहिलेलं नाही.

बराच वेळ टाइप करत राहिले, पुसत राहिले.
शेवटी पाठवलं:
"शनिवारी मॅथ्स. माझी लॉग टेबल तुझ्याकडे राहिलीये."
"राहू दे," तो म्हणाला,
"तुला कुठे लागते."